खिंड इथेच राहील

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, म्हणजे या गावातील भल्याभल्यांना 'आ' करायला लावणाऱ्या आपल्या दंतवैद्य बाईसाहेब; व्यासपीठाच्या मध्यभागी, मांडीवरचा पुष्पगुच्छ सांभाळत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती; त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी; या दोघांना आपल्या गावी घेऊन जाण्यासाठी स्वतः मोटार चालवत आलेले त्यांचे व्याही; वाचनालयाचे कार्यवाह; आणि समोर बसलेल्या सुजाण श्रोतेहो,

कार्यवाहांनी मला दोन सूचना दिल्या आहेत. थोडक्यात बोलावे आणि गोड बोलावे. पहिली पाळण्याचा मी प्रयत्न करीन. दुसरीविषयी मी काहीही कबूल केलेले नाही. माझी सारी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या लिखाणातील चुका शोधण्याचा मला पगार मिळत असे. निवृत्तीनंतर तेच काम मी विनामूल्य करतो. आजच्या निमंत्रणपत्रिकेतही अशा चुकांची काही स्थळे आहेत. पण आजचा दिवस त्यांचा नव्हे.

आजचा दिवस सत्कारमूर्तींचा. बाईसाहेबांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी आयुष्यभर कवळ्या बनवल्या. गाव त्यांना 'कवळीवाले' म्हणते आणि ते त्या नावाला ओ देतात. मला याच गावाने 'काटेकोर' हे नाव ठेवले आहे. मी त्याला ओ देत नाही. फक्त वळून पाहतो.

आमची ओळख माझ्या एका दाढेच्या निधनाने झाली. खालच्या जबड्यातली, उजवीकडची. त्या जागेसाठी त्यांनी लहानशी कवळी करून दिली. ती मी परत केली. दुसरी दिली, तीही परत केली. तिसरीही. चावण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. ती घातल्यावर माझ्या 'श' आणि 'स' यांतील अंतर बुजत होते, आणि हे मला या वयातच काय, कोणत्याही वयात मान्य झाले नसते. सत्कारमूर्ती चिडले नाहीत. हातातली कानस खाली ठेवून म्हणाले, "अहो, लोक येतात ते चावता येत नाही म्हणून. बोलता येत नाही म्हणणारे तुम्ही पहिले. बसा." मी बसलो. खरे सांगायचे तर तो अजून उठलेलो नाही.

त्या दिवशी त्यांच्या कामाच्या टेबलावर, दोन कवळ्यांच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढा एक प्राणी उभा होता. पाठीवर दगड, हातात धनुष्य, आणि हिरड्यांसारखा गुलाबी. कारण कवळीच्याच मसाल्याचा होता. मी विचारले, हा कोण? ते म्हणाले, ठाऊक नाही, मसाला उरला होता. मी विचारले, याचा बाण किती लांब जातो? त्यांनी माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, आणि मला त्याखेरीज दुसरा प्रश्न पडत नव्हता.

आमचा खेळ तेथून सुरू झाला आणि या वाचनालयाच्या माडीवर मांडला गेला. त्यांनी माणसे घडवली. मी त्या माणसांना कायदा दिला.

या वाचनालयाच्या माडीवर जे कधी चढले नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. हे महायुद्ध नव्हे, चकमक आहे. एका बाजूला मीठ वाहून नेणारे मूठभर वाटसरू, दुसऱ्या बाजूला तितकेच पाषाणे, म्हणजे ज्यांच्या पाठीवर दगड उगवतात ते डोंगरातले रहिवासी. मध्ये एक खिंड. मीठ पलीकडे पोहोचले तर वाटसरू जिंकले, अडले तर पाषाणे. गाठी मारलेल्या दोरीने चाल मोजायची, फाशांनी वाराचा निकाल लावायचा, आणि जो पडला तो पडला.

आणि ही भूमी कशाची? अध्यक्षबाईंनी आता क्षणभर कानांवर हात ठेवावेत. आपल्या जबड्यांची, श्रोतेहो! कवळीसाठी घेतलेले प्लास्टरचे ठसे काम झाल्यावर टाकून द्यायचे असतात. सत्कारमूर्तींनी ते टाकले नाहीत. एकाला एक जोडून त्यांचे कडे उभे केले, करवतीने कापून सुळके काढले, वर राखाडी रंग दिला. वहिनींकडे आलेल्या पाहुण्यांच्या चहाचा चोथा वाळवून त्याचे शेवाळ केले. कन्याशाळेच्या माजी मुख्याध्यापिका तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, पूर्वेकडचा कडा आपला आहे. तेथून आजवर एकही वाटसरू जिवंत उतरलेला नाही. आपल्या विद्यार्थिनींना याचे नवल वाटणार नाही.

आता आमच्या कामाच्या रीतीविषयी. माझे पहिले कलम असे: पुतळ्याच्या डोळ्याला जे दिसते, तेच त्याच्या बाणाला दिसते. लिहायला सोपे, पण पेरभर उंचीच्या धनुर्धाऱ्याला खडकाआडचा माणूस दिसतो की नाही, हे ठरवायचे कुणी? सुरुवातीला आम्ही दोघे टेबलावर गाल टेकवून, एकेक डोळा मिटून पाहत असू. आमच्या सौभाग्यवती एकदा छत्री द्यायला वर आल्या आणि दोन म्हातारे टेबलावर डोके ठेवून पडलेले पाहून त्यांनी खालून लोकांना बोलावले होते. मग सत्कारमूर्तींनी दवाखान्यातला, दात पाहण्याचा तो लांब दांडीचा गोल आरसा आणला. तो पुतळ्याच्या डोक्याशी धरायचा आणि वाकून त्यात पाहायचे. पुतळ्याला जे दिसे, ते आरशात दिसे. ते आरसा धरत, मी निर्णय देई. त्यांचा हात कधी हलला नाही आणि माझा निर्णय कधी बदलला नाही. दोन माणसांमध्ये याहून अधिक काय असावे लागते?

पण लोक माडीवर येत ते काय पाहायला? पुतळे. "काय बोटं आहेत हो तुमची!" असे म्हणत. इतक्या वर्षांत एकानेही "काय कलम आहे हो तुमचं!" असे म्हटलेले नाही. मी वाट पाहिली, श्रोतेहो. शिवाय सत्कारमूर्तींना एक खोड होती. ते पुतळ्यांना गावातले चेहरे देत. मिठाचा म्होरक्या म्हणजे पोस्टमन. पाषाण्यांची मुख्य म्हणजे प्रत्यक्ष वहिनी. कार्यवाह दोनदा आहेत, कारण पहिले फुटले. माझा चेहरा कुठेही नाही. मी एकदा सहज म्हणून विचारले, तर म्हणाले, "तुमचा चेहरा जमत नाही." मी तो विषय वाढवला नाही. मनात मात्र तो आपोआप वाढत राहिला.

आणि मग गेल्या वर्षी व्याही आले.

व्याही महोदय, आपण सज्जन गृहस्थ आहात. मी आपल्यात दोष शोधला आहे, आणि शोधणे हा माझा व्यवसाय होता. सापडला नाही, याचाच मला अधिक त्रास झाला. आपण माडीवर आलात, एक डाव पाहिलात, आणि खिशातून किल्ल्यांना अडकवलेला लेझरचा दिवा काढून पुतळ्याच्या डोक्याशी धरलात. लाल ठिपका समोरच्यावर पडला, म्हणजे दिसते. खडकावर पडला, म्हणजे दिसत नाही. वाकणे नाही, आरसा नाही, वाद नाही. सत्कारमूर्ती म्हणाले, "सोपं झालं की हो." एवढेच म्हणाले. मी त्या दिवशी जेवलो नाही, असे आमच्या सौ. सांगतात. मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आपण सुचवलेत की, पडलेला पुतळा एक फेरी थांबून पुन्हा उठावा. म्हणजे पाहुण्यांचा विरस होत नाही. माझ्या कायद्यात कुणीही पुन्हा उठत नाही, महोदय. म्हणून तर तेथे सारे जपून पाऊल टाकतात. पण आपण गेल्यावर महिन्याभरात सत्कारमूर्तींनी टेबलावर एक नवा पुतळा आणला. कंदील धरलेला नावाडी. नाक हुबेहूब आपले. आपला मुक्काम अवघा आठवड्याचा. आणि नाक जमले!

(आमच्या सौ. पहिल्या रांगेतून हात हलवत आहेत. त्यांना उकडत नाही, हे मला ठाऊक आहे. मी आवरतो.)

कवळ्या आता यंत्रातून निघतात. मागची खोली बंद झाली. लेकीने आईवडिलांना बोलावले आणि त्यांनी होकार दिला. हे योग्यच झाले. याविरुद्ध माझ्याकडे कलम नाही. व्याह्यांनी आपल्या घरी खेळासाठी स्वतंत्र खोली काढली आहे, आमच्या मापाचे टेबल करून घेतले आहे, असेही कळले. मागच्या आठवड्यात आम्ही दोघे माडीवर सामान बांधत होतो. पुतळे कापसात, कडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत. शेवटी खिंड राहिली. ती मी उचलली तेव्हा चहाचे जुने शेवाळ गळून पडले. आत घोड्याच्या नालासारखी दातांची ओळ होती. पुढचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला. उजवीकडे एक दाढ नाही, आणि तेवढीच काय ती वाट. सारे डाव त्या वाटेवर ठरले, सारे वाटसरू तेथूनच गेले किंवा तेथेच पडले. मी पाहत होतो, आणि डोळ्यांना कळण्याआधी माझी जीभ आपोआप उजवीकडच्या त्या रिकाम्या जागी गेली.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते सुतळीला गाठ मारत होते.

"तीनदा परत केलीत कवळी," ते म्हणाले. "तो ठसा हाताला पाठ झाला होता. चेहरे काय, कुणाचेही करता येतात. खिंड कुणाची करायची, तेवढं एकदाच ठरवायचं होतं."

एवढे बोलून त्यांनी खिंड माझ्या हातातून घेतली आणि खोक्यात ठेवली.

मी विचारले, हीसुद्धा जाणार?

"व्याह्यांनी टेबल केलंय ना. आणि इथे कोण खेळणार आता? तुम्ही एकटे?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. आज सभेसमोर देतो.

आपल्याला आठवत असेल, एके वर्षी औषधांच्या दुकानाचे मालक हरल्याच्या रागात खेळातला पूल काखोटीला मारून घरी निघून गेले होते. त्यानंतर सातवे कलम आले. ते मी तोंडपाठ म्हणतो: "डाव सोडून जाणाऱ्याने आपली माणसे न्यावीत, भूमी जागेवर राहील." हे कलम घालावे असा आग्रह सत्कारमूर्तींचाच होता. पुतळे त्यांचे आहेत; त्यांनी न्यावेत. मी एकही अडवणार नाही, नावाडीसुद्धा नाही. कडे आणि सुळके मी मित्र म्हणून सोडतो. पण खिंड नाही. मी ती आज सकाळी खोक्यातून काढून घेतली आहे. सत्कारमूर्तींनी दचकू नये. खोके हलके लागले तेव्हाच त्यांच्या लक्षात आले असणार.

आता व्याही महोदयांचे नुकसान होऊ नये, म्हणून मी परवा अध्यक्षबाईंच्या खुर्चीत जाऊन बसलो. ठसा घ्या, म्हटले. कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही. याला मी सुसंस्कृतपणा म्हणतो. हा तो ठसा. व्याही महोदय, आपण त्याचा रुमाल सोडून पाहावा. खिंड नवी आहे, जबडा तोच आहे. दात मात्र मधल्या काळात बरेच गळाले. एक इकडे, दोन तिकडे, बाकी माळरान. आडोसा म्हणून उरलेला नाही. आपला लाल ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनहरकत जाईल. वाद होणार नाहीत. पाहुण्यांचा विरसही होणार नाही.

काय म्हणालात? जरा मोठ्याने. सत्कारमूर्ती म्हणताहेत, "प्लास्टर पातळ भिजवलंय." पाहा! जबडा मित्राचा, भेट व्याह्यांना, आणि यांचे लक्ष प्लास्टरकडे. बाईसाहेब, आपण मनावर घेऊ नका. ते माझ्या कलमांनाही असेच म्हणत.

आता ते ठशावरून अंगठा फिरवत आहेत. तेथेच, उजवीकडे. ती जागा त्यांना न पाहता सापडते.

तेव्हा वाटणी अशी झाली, मित्रा. आयुष्यात तुम्हाला प्रथमच 'मित्रा' म्हणतो आहे, तेही ध्वनिक्षेपकावरून. माणसे तुमच्याकडे, खिंड माझ्याकडे. माझ्याकडे खेळायला माणूस नाही, तुमच्याकडे जायला वाट नाही. येथे कोण खेळणार, असे विचारलेत ना? तुम्ही. व्याही महोदयांना मोटार चालवता येते, हे आज साऱ्या सभेने पाहिले आहे. त्यांनी तुम्हाला न्यावे, तसे आणावेही. येताना नावाड्यालाही आणा. त्याला या खिंडीतून एकदा जाऊ द्या. पाहू, काय जमते ते.

समारंभाला आलेल्या सर्वांचे, सभागृह देणाऱ्या वाचनालयाचे, अध्यक्षबाईंचे आणि मला वेळ संपल्याची चिठ्ठी एकदाच पाठवणाऱ्या कार्यवाहांचे मी आभार मानतो. ओघात कुणाचे मन दुखावले असेल, तर त्याने ते वडीलकीच्या खात्यावर घालून मला क्षमा करावी. बोलण्यात एखादी चूक राहिली असेल, तर मात्र क्षमा नको. माडीवर येऊन दाखवून द्यावी. मी तेथेच असतो. राहता राहिला तो दातांचा आरसा. तो माणसांत मोडतो की भूमीत, याविषयी कलम नाही, म्हणून तो मी खिशात घातला आहे. काच पुसून ठेवली आहे. धरायला न हलणारा हात तेवढा हवा.