पायाची ट्यूब तोंडाले

कारध्याची मी, नदीकाठची. इकडं आमचं गाव, मधात वैनगंगा, अन् पल्याड भंडारा, तं लहानपनी आमाले वाटे का पल्याडच्या बाया गोऱ्या दिसतेत थ्या नळाच्या पान्यानं दिसतेत. आमच्या मायनं माह्या तोंडाले जिंदगीभर दोनच वस्तू लावल्या, एक नदीचं पानी अन् दुसरी थापड. हसू नोको पोरी, खरं सांगून राहिली. माय म्हने, आरशात कायले पाहतेस, लोकं हात पाहून सून करतेत, तोंड पाहून नाई.

पन तोंड माहं पहिल्यापासूनच नाजूक, बरं काय. मजुराच्या घरी नाजूक तोंड म्हंजे फुकटची कटकट. लग्नात हरद लागली अन् सकारपावतर तोंड असं फुगलं, असं फुगलं, का आसगावची वरात आली तं सासूबाईनं डोरे फाडून पाह्यलं अन् माह्या बापाले म्हने, याहीबुवा, आमी पाह्यली थे पोरगी हेच का? बाप म्हने, हेच जी, हरद जरा जास्त मानवली. चार दिवस सासरी मी पुरीसारखी होती, पाचव्या दिवशी नवऱ्याले समजलं का आपली बायको दिसते कशी.

तं आसगावले आली अन् रोवन्यात उतरली. रोवना तुले मालूम हाय, पन लिवून ठेव, वाचनाराले मालूम नसन. धानाचे परे, म्हंजे रोपं, उपडून आनाचे, चिखल केलेल्या बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, ओळीनं वाकाचं अन् मांगं मांगं सरकत एकेक परा खुपसत जाचं. सकारी वाकली बाई थे सांजंले सरळ होते. चौदा बायांची आमची टोळी अन् कोपऱ्यावरची मी. कोपऱ्यावरची सरकली का सप्पा, साऱ्याजनी, सरकतेत, कोपऱ्यावरचीनं गानं उचललं का सप्पा उचलतेत. वीस वर्सं झाले, मी कोपऱ्यावर हाय. मले कोनी पाटलीन म्हटलं नाई, सरपंचीन म्हटलं नाई, पन बांधीत उतरली का तेरा बाया माह्या कंबरेकडं पाहून चालतेत. एवढी एकच गादी हाय माही, चिखलाची.

आता मेन गोष्ट. दिवसभर पान्यात पाय, तं बोटाच्या मधात चिखल्या होतेत, कातडं पांढरं पडते, सडते, खाजवू खाजवू जीव जाते. त्याले मेडिकलात एक ट्यूब भेटते. चिठ्ठी नाई, डाक्टर नाई, पाय दाखवाचा अन् ट्यूब घ्याची, दोन दिवसात पाय साफ. आमच्या टोळीत कोनाच्याबी घरी जाऊन पाह्य, देवाजवर उदबत्ती नसन पन कोनाड्यात थे ट्यूब असन.

तं पन्नाशी सरली, माहं महिन्याचं बंद झालं, अन् तोंड कोरडं पडाले लागलं. धुतलं का ताने, हसलं का ताने, गालावर कारे कारे वांग आले. एक दिवस पायाले ट्यूब लावली, थोडी बोटाले उरली. लुगड्याले पुसली तं डाग पडन, भिताडाले पुसली तं सून बोलन, म्हून गालाले पुसली. एवढंच केलं मी. मंग दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. आठ दिवसात गाल असा चकचक कराले लागला का काय सांगू तुले. सरू माही जोडीदारीन, ओळीत माह्या बाजूलेच राहते, थे म्हने, वच्छलाबाई, काय लावून राहिली वो, बुढापा वापस चालला का तुहा? अन् मी ऐटीत सांगतलं. हेच माहं चुकलं. पायाची ट्यूब तोंडाले मी लावली थे माही अक्कल, पन सरूले सांगतली थे माहं पाप.

दोन वर्सं लावली. अन् मंग त्या ट्यूबनं आपलं रूप दाखवलं. लावली तं बरं, एक दिवस नाई लावली तं तोंड लालबुंद. कातडं कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ झालं, आतल्या शिरा दिसाले लागल्या. चुलीजवर बसली का वाटे कोनं तिखट फेकलं. साध्या पान्यानं आग व्हाची. वरून हनुवटीले केस आले. आमचे हे म्हनते, चाल, दोघं मिळून न्हाव्याकडं जाऊ. मी म्हनलं, चाला, पन माही दाढी तुमच्यापेक्षा दाट निंगाली तं मंग घर मी चालवन. थे तं पहिलेच चालवतेस, म्हने.

घरात हासलो, पन गावात हासू नाई ये. कोनी म्हने पित्त हाय, कोनी म्हने बाहेरचं हाय, बुड्ड्या म्हने मांगच्या जन्माचा भोग हाय. अन् गुरुजी, म्हंजे आमी ज्यायच्या बांधीत रोवतो थे रिटायर मास्तर, थे मांगच्या वर्सी रोवन्याच्या तोंडावर घरी आले अन् म्हने, वच्छला, या वर्सी तू राहू दे. बांधीच्या कडंले धुऱ्यावर बस, बायाले चहा करून देत जा. कोपऱ्यावर दुसरी पाहू. दुसरी पाहू! जशी काई मी मोडलेली वखर. तोंडाच्या आगीपेक्षा हे आग जास्त लागली मले. तवा ठरवलं का हे तोंड मी बरं करीन अन् याच तोंडानं याच बांधीत उतरीन.

सून माही प्रतिभा, बारावी शिकली हाय, मनानं लय चांगली, पन तिचा गुरू मोबाइल. मोबाइलवर एक पोट्टी गालावर टिचक्या मारत सांगे अन् प्रतिभा माह्या गालावर करून पाहे. पहिले लिंबू अन् बेसन झालं. लिंबू लागलं तशी मी अंगनात तीन चकरा मारल्या. मंग ड्रॉपरची शिशी आनली, सिरम म्हनतेत त्याले, थेंब थेंब टाकाचं. एक थेंब पडला अन् मी अशी बोंबलली का शेजारचा कुत्रा घर सोडून गेला. मंग दानेदार क्रीम आनली, घासाची. मी म्हनलं बाई, हे तोंड हाय, दुधाची कढई नोहे. मंग एक बाई आली, पिशवीत डबे घेऊन, गोड गोड बोले, काकू, आमचं सप्पा नैसर्गिक हाय, याच्यानं काई होतच नाई. मी म्हनलं, धोतराबी नैसर्गिकच हाय, खाऊन दाखव. डबे परत पिशवीत भरले तिनं.

अन् सप्पा बायांचं एकच, आता या वयात तोंडाचं काय करतेस व, कोन पाहते? नातवंडं झाले तुले. मी म्हनलं, कोन पाहते म्हंजे? मी पाहते ना! बैलाची कातडी फाटली तं हरद-तेल घेऊन धावता, हार्वेस्टरचा पट्टा फाटला तं शहापूरपावतर जाता, अन् बाईची कातडी फाटली तं भोग? माहं तोंड हाय, अठ्ठावन वर्सं वापरलं, अजून वापराचं हाय.

शेवटी मीच एस्टीत बसली अन् भंडाऱ्याले सरकारी दवाखान्यात गेली. चामडीची डाक्टरीन, पोट्टीच होती, माह्या लेकीच्या वयाची. मी कमरेची चंची सोडली अन् ट्यूब तिच्या टेबलावर ठेवली. तिनं ट्यूब पाह्यली, माहं तोंड पाह्यलं, परत ट्यूब पाह्यली अन् म्हने, आजी, हे तोंडाले? किती दिवस? मी म्हनलं दोन वर्सं. तिनं कपाळाले हात लावला. म्हने, हे औषध जालीम हाय, डाक्टरले विचारल्याबगर पायालेबी लावाचं नाई, अन् तोंडाचं कातडं तं पायाच्या अर्धंबी जाड नसते. तुमच्या तोंडाले याची आदत पडली, दारूवानी. आता मी सोडवते, पन सोडताना तोंड अजून बिघडन, दोन-चार महिने बोंब माराल, अन् परत ट्यूब लावावी वाटन. लावाची नाई. अन् उन टाळा, डोक्यावर पदर घेत जा म्हंजे तोंडाले उन लागनार नाई.

मी म्हनलं, मॅडम, मले पदर असतेच जी, माहं उन खालून येते. थे म्हने, खालून? उन खालून कसं येईन? आता कसं सांगाचं! मी उठली, लुगडं खोचलं अन् तिच्यासमोर वाकली, तिथंच, अन् फरशीवर परे खुपसत मांगं मांगं सरकत दारापावतर गेली. बाहेरच्या लाइनीतले सप्पा उठून पाहून राहिले, का या बुड्डीले झालं काय. मी वाकूनच म्हनलं, पाहा मॅडम, पाठीवर सूर्य, माह्या तोंडाखाली बांधीचं पानी, थे पानी आरशावानी चमकते अन् उन फेकते इथं, हनुवटीखाली, नाकपुडीत, गळ्याले. तिथं तुमचा पदर काय करन? डाक्टरीन हासली, अन् मंग हासनं थांबवून जवर आली, माही हनुवटी वर करून पाह्यलं. खालूनच जास्त भाजलं होतं. म्हने, आजी, हे आमाले कोनी शिकवलंच नोतं.

वापस आली तशी सीधी सरूच्या घरी, माहं ऐकून थेबी तोंडालेच लावे. कोनाड्यातली तिची ट्यूब उचलली अन् चुलीत घातली. सरूनं मले अशा शिव्या देल्या का त्या लिवू नोको. आठ दिवस बोलली नाई. मंग तिचंबी तोंड पेटलं, अन् एक दिवस दारात येऊन उभी, लाल, सुजलेली. मीबी लाल, सुजलेली. दोन माकडीनी समोरासमोर. ट्यूब दे म्हने, हे तोंड घेऊन मेडिकलात कशी जाऊ, कुठूनबी आनून दे. मी म्हनलं बस, गार पान्याचा फडका देते, ट्यूब देत नाई. तिकडं धुऱ्यापल्याड बायांचं गानं चालू, कोपऱ्यावर दुसरी, अन् इकडं आमी दोघी तोंडावर ओले फडके घेऊन ओट्यावर. त्या रोवन्याले मी रडली. एकदाच.

तोंड जरा थंडावलं तवा डाक्टरीनीनं सांगतलं का आता लावाचं पन वास नाई, रंग नाई, फेस नाई असं लावाचं, अन् नवी वस्तू पहिले कानामागं लावून दोन-तीन दिवस पाहाची, कान मानला तं तोंड. आता एका बाईले कान दोनच. म्हून मी अन् सरूनं मिळून चार कान लावले कामाले. गुलाबाच्या वासाची क्रीम सरूच्या डाव्या कानानं नाई मानली, टमाट्यावानी झाला. दुसरी माह्या उजव्यानं फेकली. प्रतिभा कॅलेंडरवर लिवून ठेवे, कोनाचा कोनता कान रिकामा हाय. शेवटी एक पांढरी, सादी, कशाचाच वास नाई अशी भेटली, चार कानांनी पास केली. धुवाले बिनफेसाचं. अन् उनाची क्रीम डाक्टरीनीनंच लिवून देली, जस्ताची, बाकीच्या घामानं डोऱ्यात उतरून आग करत. हे करत नाई, पन तोंड चुना मारल्यावानी पांढरं दिसते.

दिसू दे.

या वर्सी रोवना लागला अन् मी तोंडाले, हनुवटीखाली, गळ्याले, सप्पा थापून बांधीवर गेली. बाया पाहून लोळल्या. गुरुजी धुऱ्यावर छत्री घेऊन उभे, म्हने, वच्छला, मंडईच्या जत्रेतल्या नाटकात काम भेटलं का? मी म्हनलं हो जी, राजाचं काम हाय, बाजूले व्हा. अन् कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. मांगच्या वर्सीची कोपऱ्यावरची एक पाऊल बाजूले सरकली. सरू बाजूले, तिबी पांढरी. वाकली, गानं उचललं. पहिले सरूनं, अन् मंग बाकीच्या बारा बायांनी उचललं.

आमच्यात रोवन्याच्या आखरी दिवशी मालकाले चिखल लावतेत. बाया घेरतेत, हातात चिखल, अन् मालक जवापावतर काई कबूल करत नाई तवापावतर सोडत नाई. कोंबडा मांगतेत, कोनी लुगडी मांगतेत. मी चिखलाचा गोळा गुरुजीच्या नाकापुढं धरला अन् म्हनलं, कोंबडा नोको जी. उनाची ट्यूब, चौदा. दरवर्सी, रोवन्याच्या पहिल्या दिवशी. गुरुजी म्हने, अवो, हे रीतीत नाई. मी म्हनलं, रीत कोनं सुरू केली? चिखलातल्या बायानंच ना? तं बाया बदलवून राहिल्या. थे म्हने, अन् नाई म्हटलं तं? मी म्हनलं, तं हा चिखल लागन अन् पुढच्या वर्सी कोपऱ्यावर दुसरी पाहा. चौदाही दुसऱ्या पाहा. मांगून सरू म्हने, अन् त्यायचे कान तपासून घेजा. गुरुजीनं छत्री बंद केली. म्हने, देईन, माहे माय, देईन. अन् हळूच म्हने, पंधरा आनतो, माह्याबी नाकाचं कातडं निंगून राहिलं. तरी चिखल लावलाच मी, एक बोट, गालाले. रीत हाय.

आता तोंड कसं हाय, तूच पाह्य. वांग हायेत, सुरकुत्या हायेत, लाल शिरा दोन-चार राहिल्याच, त्या आता जातीन असं डाक्टरीनबी म्हनत नाई. गोरी नाई झाली मी, व्हाचंबी नोतं. पन आता बांधीत वाकली का पान्यात माहंच तोंड दिसते, पांढरं थापलेलं, अन् थे जळत नाई, अन् मी त्याच्याकडं पाहून गाते. कोन पाहते म्हनत होत्या ना? हे पाहते.

जा पोरी, लिव नीट, खोटं काई घालू नोको. अन् कोनंबी काईबी देलं तं पहिले कानामागं लावजा. तुह्या तोंडाले कोनाची नजर न लागो, अन् कोनाची ट्यूबबी न लागो.