गल्ली चुकली, घर नाही

माझं म्हननं तुमाले मालूम हाये: जिथं चप्पल काढली, तिथं आपलं घर. पन प्लांटचे क्वार्टर सारे सारखे, हे त्या दिवशी ध्यानात नाही राहिलं. पंधरा दिवस फिरून भिलाईत आलो अन् एक गल्ली आधीच वळलो. दार उघडंच होतं. चप्पल काढली, बॅग कोपऱ्यात टाकली, पंख्याचं बटन दाबलं. तेही त्याच जागी!

आतून एक अनोळखी बाई पानी घेऊन आली. मले वाटलं, बायकोची नातेवाईक असन, भंडाऱ्याकडची. तिले वाटलं, मी तिच्या नवऱ्याकडचा पाहुना. आपल्यात पानी पाजल्याबिगर 'कोन गावचे' हे कोनी इचारत नाही, तिथंच घोळ झाला.

मी म्हनलं, "बसा ना, उभ्या कावून?"

ती म्हने, "तुमीच बसा, चहा मांडला हाये."

तेवढ्यात तिचा नवरा ड्युटीवरून आला. "तुमी कोन?"

"हेच मी तुमाले इचारून राहिलो!"

मंग भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत तोच दिसला अन् मी उठलो. बाई म्हने, "आता चहा पिऊनच जा, भाऊ." प्यालो.

घरी येऊन सांगितलं, तशी बायको तापली. "सोताचं घर ओळखू येत नाही! आता फिरनं बंद."

"बंद कावून? घर चुकलं तरी चहा भेटला. सोमवारची गाडी हाये, मी जातोच."

"अन् बॅग कुठं हाये?"

"घरी राहिली," म्हनलं, अन् पुन्हा चप्पल घातली.