आजीशिवाय चिखल नाही

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाच्या धक्क्यावर क्रूझ लागली की टॅक्सीवाला एग्बर्ट आपल्या व्हॅनला टेकून उभा राहायचा आणि उतरणाऱ्यांची बोलणी मजेत ऐकायचा. आज समोर एक कुटुंब अडून बसलं होतं: नवरा-बायको, त्यांची छोटी मुलगी आणि आजी.

"झिपलाइनलाच जाऊ!"

"टॉड, हॅटी सहा वर्षांची आहे. पोरीला दोरीला लटकवतोस?" बायको म्हणाली.

"बरं, मग ज्वालामुखीपाशी. गंधकाच्या चिखलात लोळू."

"तुम्ही जा रे. माझे हे गुडघे. मी आपली बोटीवर बसते," आजी म्हणाली.

"नक्की ना, आई?"

"अगदी नक्की."

टॉड वळला. "ए ड्रायव्हर, चिखलाकडे नेतोस?"

"आधी गुड मॉर्निंग, साहेब. त्याशिवाय आमच्या बेटावर गाडी सुरू होत नाही."

"त्याचं मनावर घेऊ नकोस हं," आजी पुढे आली. "गुड मॉर्निंग, बाळा. घरचे बरे आहेत ना?"

पन्नाशीतलं बाळ गालात हसलं. "मजेत आहेत, आजी. बसा, पुढची सीट तुमची."

"मी नाही येत रे."

"मग कुणालाच नेता येणार नाही. आजीशिवाय चिखलात सोडत नाहीत. कडक नियम आहे."

"काय सांगतोस! पण तिचे गुडघे?"

"गाडी पार वरपर्यंत जाते, साहेब."

"मग चल ना गं आई, आमच्यासाठी!"

आजी पुढे बसली. मागची मंडळी चढेपर्यंत ती हळूच म्हणाली, "नियम कुणी केला रे हा?"

"मीच. आत्ता."

"देव तुझं भलं करो! सकाळपासून वाट बघत होते, कुणी 'चल' म्हणतंय का. आता येताना सुनेनं आजीला रम पाजायची, असाही एक नियम काढ."