एक बाई, सत्तावीस मुलं

मंडळाचे अध्यक्ष दिगंबरराव, काउंटीच्या ऑफिसातून आपल्यासाठी वेळ काढून आलेल्या मोठ्या मॅडम, जिच्यासाठी आपण आज जमलो ती नीलांबरी, समोर बसलेले सगळे काका-काकू, भाऊ-वहिनी आणि मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेली पोरं, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सुलेखा. मूळची कारंज्याची. माझी शाळा चौथीत सुटली. मंडळाच्या शंतनूने मला भाषण लिहून दिलं होतं. त्यात नीलांबरीला तीनदा कर्तव्यदक्ष म्हटलंय. ती आहेच, पण तो शब्द माझ्या तोंडात बसेना. म्हणून मीच लिहिलं, चार दिवस लागले. अक्षर लावत वाचतेय, घाई करू नका.

दिगंबररावांनी मला दोन गोष्टी बजावल्या. पाच मिनिटं बोलायचं आणि केसबद्दल बोलायचं नाही. नीलांबरीला केसबद्दल बोलायची बंदी आहे, तिच्या नोकरीचा नियमच आहे तसा. मला कुठे बंदी आहे? माझ्या भावाला आणि भावजयीला विचारून आलेय. ते दोघं तिसऱ्या रांगेत बसलेत, विनय आणि रेणू. ईशान, तू मॅडमच्या कानात इंग्रजीत सांगतोयस ना? सगळं सांग. मध्ये गाळू नकोस.

विनयने माझे इथे यायचे कागद केले, ते चौदा वर्षांनी आले. तोवर मी विधवा झाले होते. इथे आले ती त्याच्या सियाला सांभाळायला. सिया तेव्हा दोन वर्षांची, आता पाच संपतील. दोघं नवराबायको कामावर, पोरगी माझ्यापाशी. मागच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. दोन दिवस झाले, थांबेना. रेणूने डॉक्टरची वेळ घेतली, ती पुढच्या आठवड्याची. मला कुठे धीर? डब्यात गावाहून आणलेला बिब्बा होता. सुईला टोचून तापवला आणि त्याच्या तेलाचे चार ठिपके तिच्या पोटावर दिले. आमच्याकडे आईने मला दिले, तिला तिच्या आईने. दुखणं थांबलं. ठिपक्यांचे काळे फोड झाले.

शाळेत तिच्या अंगावर पाणी सांडलं, बाईंनी शर्ट बदलला आणि फोड पाहिले. बाईंनी काउंटीला फोन केला. मी त्या बाईंना एक अक्षर बोलणार नाही. लेकराच्या पोटावर भाजल्यासारखे चार डाग दिसले तर काय करायचं त्यांनी?

संध्याकाळच्या आत काउंटीच्या मुलांच्या खात्यातल्या दोन बायका दारात. आणि मग आम्ही जे केलं ते ऐका. कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी तेच केलं असतं. विनयने सांगितलं, सिया घसरगुंडीवरून पडली. रेणूने दुसऱ्या खोलीत सांगितलं, नवीन साबणाची अॅलर्जी. मला त्यांच्या फोनवरच्या दुभाष्याने हिंदीत विचारलं, मी म्हटलं मालूम नहीं. का? तर भावाला वाटलं बहिणीला परत पाठवतील, भावजयीला वाटलं नणंदेचं नाव कसं घ्यायचं, आणि मला वाटलं भाऊ बोललाय ते खोटं कसं पाडायचं. सगळे एकमेकांना झाकत होते. पोरीला कुणी झाकलं नाही. तीन माणसं, तीन उत्तरं. त्या बायकांनी सियाला नेलं. तिच्या हातात तिचा कापडी ससा होता, तेवढा दिला.

ज्या घरी ठेवली ती माणसं चांगली होती. खोटं कशाला बोलू? पण सिया तिथे नूडल्स सोडून काही खाईना. कुणी शर्टाला हात लावला की दोन्ही हातांनी पोट धरून बसायची.

नवव्या दिवशी फाइल नीलांबरीकडे आली. ही आली, जमिनीवर बसली. मी चहा टाकला. म्हणाली, मला चालत नाही. मला राग आला. म्हटलं, आमच्या घरचं पाणीसुद्धा नको झालंय हिला. नंतर कळलं तोही नियमच. ज्यांची केस असते त्यांच्याकडचं काही घ्यायचं नाही. मग तिने विचारलं. मराठीत विचारलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं. मी उठले, डबा काढला, बिब्बा तापवला आणि तिच्यासमोर माझ्याच मनगटावर ठिपका दिला. ती नको नको म्हणेपर्यंत देऊन झाला होता. हा बघा, डाग अजून आहे. तीन दिवसांनी येऊन तिने शेजारी मोजपट्टी धरून डागाचा फोटो काढला, डॉक्टरला दाखवला, कोर्टात दिला. जाताना दारात म्हणाली,

"आत्या, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं ना, तर सिया त्याच संध्याकाळी घरी आली असती."

एवढंच. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

एक्केचाळीस दिवसांनी सिया घरी आली. अट एकच, मी त्या घरात राहायचं नाही. अट बरोबर आहे, फोड माझ्याच हातचे होते. मी आता मंडळातल्या अरुणभाऊंच्या बेसमेंटमध्ये राहते. आठवड्यातून एक तास सियाला भेटते, काउंटीच्या खोलीत. तिथे प्लास्टिकची चूल आहे. सिया मला प्लास्टिकची पोळी वाढते आणि म्हणते, "आत्या, गरम आहे, फुंकून खा." पण त्या खोलीत लक्ष ठेवायला बसणाऱ्या माणसाला आमचा शब्द न् शब्द कळायला हवा, असा नियम आहे. मराठी कळणारी त्या अख्ख्या ऑफिसात एकच होती. ती तिच्या सुट्टीच्या शनिवारी येऊन बसायची.

तिच्याकडे अशी केसमधली मुलं किती होती माहीत आहे? सत्तावीस. तिने नाही सांगितलं, तिच्या गाडीने सांगितलं. मागे दोन कार सीट कायम लावलेल्या, डिकीत सगळ्या मापांचे कपडे, मुलामागे एक पिशवी, मी मोजल्या. तिला स्वतःचं मूल नाही. गेल्या हिवाळ्यात ती आमच्या तासाला बसल्या बसल्या झोपली. सियाने तिच्या मांडीवर ससा ठेवला. मग आम्ही दोघी हळू बोललो.

आता ती दूर फ्रिस्को शहरात चाललीये, कुठल्याशा कंपनीत. तिला कोण अडवणार? बाई थकली. मी मॅडमना आत येताना ईशानकरवी विचारलं, हिच्या जागी कोण. त्या म्हणाल्या, तीनदा जाहिरात दिली, मराठी येणारं कुणी आलं नाही. फोनवरचा दुभाषी मिळतो, पण तीन आठवडे आधी सांगायचं, आणि मिळेलच असं नाही. नाहीतर इंग्रजीत बोला. सियाला इंग्रजी येतं. मला ओके आणि थँक्यू येतं. एवढ्यात एक तास कसा जाणार, मॅडम? ईशान, विचार त्यांना. नको, राहू दे. त्यांच्या हातातही काही नाही, तोंडावर दिसतंय.

आणि आपण? या हॉलमध्ये चारशे माणसं आहेत. नवीन आलेल्यांना आपण ड्रायव्हिंगची टेस्ट शिकवतो, कुठली शाळा चांगली ते सांगतो. काउंटीची बाई दारात आली तर खरं बोला, हे कोण शिकवतं? या कामाला आपली एक तरी पोरगी जाईल? मागे बसलेल्यांनो, तुम्हाला विचारतेय. बघा, सगळे खाली बघायला लागले. मला वाटलं होतं लिहिता लिहिता काही मार्ग सुचेल. चार दिवसांत सुचलं नाही.

आता आभार. दिगंबररावांचे, बोलू दिलंत म्हणून. मॅडमचे, शेवटपर्यंत बसलात म्हणून. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल तर या अडाणी बाईची चूक पोटात घाला.

नीलांबरीची नोकरी काल पाच वाजता संपली. म्हणूनच आज तिला शाल देता आली, नाहीतर तिने घेतली नसती. आता हे कागदावर नाही, मघाशी स्वयंपाकघरात मी सगळ्यांचा चहा करत होते. ती आली, कप पुढे केला, म्हणाली, आत्या, मला पण. दीड वर्षात पहिल्यांदा. मी ओतला. तिने तिथेच उभ्याने प्यायला, चांगला झालाय म्हणाली.

मी कप विसळायला घेतला आणि तेव्हा मला कळलं, शनिवारी त्या खोलीत आमच्यापाशी बसायला आता कुणी नाही.