ती म्हणाली होती, सैल शिवा

मी मूळची दापोलीकडची, बापाने आठवीतनं काढून मशीनवर बसवलं, मग निकाह झाला आणि यांच्या मागोमाग शारजात आले, अल मजाजला, तिथं घरातच बायकांचे कपडे शिवायला लागले. आणि काय सांगू तुम्हाला, मी पहिल्यापासून संशयी. वॉचमनवर संशय, शेजारणीवर संशय, कोणी हसून बोललं की मला वाटायचं, याला काहीतरी हवंय.

तर वरच्या मजल्यावर ग्रेस राहायला आली. नायजेरियाची, नर्स, काळी, उंच, भरल्या अंगाची आणि एकटी. एकटी म्हटल्यावर माझं झालंच सुरू, कोण येतं, कोण जातं. त्यात आमच्याकडे नवीन डिश लागलेली. माझी शबाना शाळेतनं आली की रॅपची गाणी लावायची, पुरुष अंगभर कपडे आणि सोन्याच्या साखळ्या घालून बसलेले आणि काळ्या पोरी एवढ्याशा चड्डीत त्यांच्यापुढे कंबर हलवतायत, कॅमेरा त्या पोरींच्या तोंडावर म्हणून जायचाच नाही. मी म्हणायचे बंद कर, तर म्हणे मम्मी, इट्स ओन्ली म्युझिक. बंद कर म्हणायचे आणि मी पण बघायचे, खोटं कशाला बोलू.

ग्रेस निळं कापड घेऊन आली, अल ऐनच्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यू आहे, ड्रेस हवा. म्हणाली सैल शिवा, खूप सैल. मी माप घेतलं आणि डोक्यात किडा. एवढा सैल कशाला? पोट लपवतेय की काय? नवरा तर दिसत नाही! मग वाटलं, नाही, लाजत असेल, टीव्हीवर हिच्यासारख्या बायका अंगाला चिकटलेलंच घालतात, हिला पण तेच हवं असणार, तोंडाने म्हणत नाही. बघा माझी अक्कल. दिलं कापून फिटिंगमध्ये. आणि शिवणीच्या आत आपण दोन बोटं कापड सोडतो ना, पुढं सैल करायला, ते पण सोडलं नाही, कंबरेला जाड दिसायला नको म्हणून.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी तिने घालून बघितला. आरशासमोर उभी राहून कंबरेवरचं कापड खाली ओढत राहिली. मी म्हटलं फर्स्टक्लास, टीव्हीतल्यासारखी दिसतेस. तर हळू आवाजात म्हणाली, सिस्टर, लिफ्टमध्ये पुरुष माझ्या मागे तीच गाणी गुणगुणतात, एकाने तर विचारलं किती घेतेस, म्हणून सैल सांगितलं होतं.

मी उसवायला बसले, पण आत कापडच नाही, काय सोडणार? तिने माझ्या हातातनं ड्रेस काढून घेतला, घडी घातली, शिलाईचे पैसे ठेवले आणि गेली. सकाळी पाहिलं तर जुन्या युनिफॉर्मवर स्वेटर चढवून टॅक्सीत बसत होती, एवढ्या उन्हाळ्यात. नोकरी लागली का कळलं नाही, महिन्याभरात खोली सोडली तिने. मी यांना विचारलं, लिफ्टमध्ये गुणगुणणारे तुम्ही तर नव्हता? हे म्हणाले खुळी आहेस काय. पण टीव्हीकडे बघतच म्हणाले.

आता कोणी सैल म्हटलं की सैल शिवते, कशाला ते विचारत नाही. ग्रेस असेल तिथं अल्ला तिला इज्जतीत ठेवो. शबाना म्हणते, मम्मी, शी मस्ट हॅव फरगिव्हन यू. मला नाही वाटत तसं. मी असते तर केलं नसतं माफ.