सव्वाचौदा औंसांचं बाळ

हसू नका, पण माझ्या मॅट्रिकच्या गणितानं माझंच बाळ उपाशी ठेवलं होतं.

बाळ साडेसात पौंडांचं आणि वरच्या दुधावर. डॉक्टर म्हणाले, "पौंडाला दिवसाचे अडीच औंस." मी कागदावर मांडलं: बे साती चौदा, अर्ध्याचा अर्धा पाव. सव्वाचौदा! आठवडाभर मोजून पाजलं, आणि आठवडाभर बाळ रडलं. दृष्ट काढली, जोतिबाला नवस बोलले.

शेवटी दारात म्हैस पिळायला येणाऱ्या गौराक्काच म्हणाल्या, "अवं बाई, पोरगं भुकं हाय की!"

"मोजून पाजते हो मी," म्हणत मी हिशेब सांगितला.

"औंस मला ठावं न्हाय. पर अडीच साती साडेसतरा, वर अर्ध्याचं सव्वा. पावणेएकोणीस व्हत्यात की!"

"कुठल्या शाळेत शिकलात?"

"शाळा कुठली? दुधाच्या मापानं म्हशीला घालायचं पेंडीचं अंबोण काय तुमचा डॉक्टर मोजून देतोय?"

त्या दिवशी बाळ पोटभर प्यालं आणि गाढ झोपलं. रडले ती मी.

आता तो पाच वर्षांचा आहे. अडीचकीचा पाढा त्याला गौराक्काच शिकवतात. मी शेजारी बसून त्याच्याबरोबर म्हणते.