मिनिस्टरचं मागचं अंग

...आणि वर लोक मलाच विचारतात, “उडी मारूच कशी दिलीत?” अहो, मला विचारून मारली का त्याने? सोफ्यावर बसला होता, बाहेर माकड दिसलं, झेपावला! खाली पडला तो मागचे पाय लुळे! आणि तुम्हाला सांगतो, कुत्रा माझा नाही हो. सासूबाईंचा. आखूड पायांचा, लांबच लांब, नाव मिनिस्टर. त्या बहिणीकडे म्बालेला गेल्या, आणि हा आमच्या गळ्यात.

कण्हत होता बिचारा. मी काय केलं? माझ्या कंबरदुखीची गोळी केळ्यात घालून चारली. मला लागू पडते ना? मग!

आमच्या जिंजा गावात जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर कागोयाबाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरणीचा. “मणक्यातली चकती सरकलीय, आतल्या नसांना सूज आहे. घरी काही औषध दिलंत?”

“छे छे!” म्हटलं. सासूबाईंच्या कानावर गेलं तर? आमच्यात जावयाने सासूसमोर जायचं नसतं, फोनवरसुद्धा मध्ये बायको लागते... हे पाप बायकोच्या तोंडून पोचवू?

बाईंनी सुई भरली. “स्टेरॉईड आहे. सूज उतरेल कदाचित, खात्री नाही.” सुई कातड्याला टेकली, आणि तो माझ्याकडे बघतोय हो! विश्वासाने! माझ्याच तोंडून निघालं, “थांबा! गोळी दिलीय... माझी.”

बाईंनी सुई बाजूला ठेवली. “काका, दोन्ही एकत्र गेलं असतं तर पोटातून रक्त वाहून मेला असता. तुमच्या एका गोळीनेही पोटाला जखम होऊ शकते.” मग त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबलं. मिनिस्टर ओरडला, वळून चावायला धावला. बाई हसल्या! “दुखतंय त्याला, म्हणजे आशा आहे. आता स्टेरॉईड नाही. पोटाचं औषध, दुखण्याचं वेगळं औषध, आणि सहा आठवडे पिंजरा.”

“आणि लघवी?”

“नसा दबल्यात, ती आपली आपण होणार नाही. तुम्ही करवायची. पोट हलकं दाबून, दिवसातून चार वेळा.”

मी! रेल्वेत तीस वर्षं स्टेशनमास्तर होतो मी! आणि कुत्रा माझा नाही हो!

म्बालेहून फोन. नाइगागा, म्हणजे आमची ही, कानाला लावून मला सांगतेय, “आई म्हणतेय, जावयाला सांग, त्याला उकडलेलं मटण दे.”

“सांग, देतो.”

“आई म्हणतेय, पिंजऱ्यात कशाला? तो काय चोर आहे?”

“सांग, डॉक्टर म्हणतात.”

“आई म्हणतेय, जावयाने नक्की काय केलं?”

मी पिंजऱ्याची कडी तपासायला लागलो. हिने माझ्याकडे बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाली, “त्यांनी त्याला वेळेवर नेलं, आई.” देव तिचं भलं करो.

पाच आठवडे, तुम्हाला सांगतो! पोटाखाली टॉवेलची झोळी, मी वाकलेला, तो लोंबकळतोय, शेजारी कुंपणाला टेकून बघतायत. “मास्तर, गाडी लेट आहे का?” मागचे पाय नुसते फरफटत. रोज विचारायचो त्याला, “आज?” तो जांभई द्यायचा.

परवा सकाळी चर्चला निघालो होतो, म्हटलं आधी याला बाहेर फिरवून आणू. झोळी जरा सैल पडली, आणि... उभा! मागचे पाय लटपटत, पण उभा! एक पाऊल... दोन... तीन! मग थांबला, माझ्या पायाला टेकून तंगडी जराशी वर केली, आणि पहिल्यांदा आपली आपण केली हो! मी ओरडतोय, “नाइगागा, धाव! मुतला! मुतला!” डोळ्यांत पाणी माझ्या, गल्ली गोळा झालेली...

आणि मग ही खाली बघत म्हणाली, “अहो, पण बूट नवे होते ना?”